हात चुकवून दिलेले सुट्टे पैसे

मित्रांनो, परवाच्या बैठकीत एका कार्यकर्त्याने मला सगळ्यांदेखत सुनावले, "कवी, लढाई चाललीय अन् तू प्रेमाची गाणी ऐकतोस?" तेव्हा गप्प बसलो. आज उत्तर देतो.

मी ऐकत होतो तो शादे हिचा 'लव्हर्स रॉक' हा २००० सालचा अल्बम. शादे जन्माने नायजेरियाची, वाढली इंग्लंडात. अल्बमचे नाव तिचे नव्हे. १९७५ च्या आसपास लंडनच्या काळ्या वस्त्यांत रेगेची एक शाखा निघाली, तिचे हे नाव. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कष्टकऱ्यांची ही पोरं. गोऱ्यांचे क्लब त्यांना दारातूनच परत पाठवायचे. मग घरातच मोठाले स्पीकर लावून ती नाचायची. १९७९ साली जॅनेट के हिचे 'सिली गेम्स' ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या नंबरावर गेले. ते बनवले डेनिस बोवेलने. आणि पोलिसी जुलमावर लिहिणारा, ब्लॅक पँथर चळवळीतून आलेला कवी लिंटन क्वेसी जॉन्सन, त्याच्या रेकॉर्डीही याच बोवेलने केल्या. त्याला दोन्ही कामं आपलीच वाटली. आपल्यालाच का वाटू नयेत?

शादेच्या अल्बममध्ये 'इमिग्रंट' नावाचे गाणे आहे. परदेशातून आलेला काळा माणूस दुकानात जातो. दुकानदार सुट्टे पैसे परत देतो, पण त्याच्या हाताला हात लागू देत नाही. आपण काळे म्हणजे काय, ते त्याला तिथे कळते. मी हे ऐकले अन् गावचे दुकान आठवले. माझ्या आईच्या ओंजळीत पैसे वरून पडायचे. आम्हाला हे कुणी समजावून सांगायला नको.

तक्रारही आहे. सूर फार मऊ. लंडनच्या त्या खोलीत गर्दी होती, घाम होता, भिंत हलवणारा बास होता. इथे बाई एकटीच गाते. 'स्लेव्ह साँग'सुद्धा इतके हळुवार की धनिकाच्या दिवाणखान्यात खुशाल वाजावे, कुणाची झोप मोडणार नाही. गुलामीचे गाणे असे निवांत ऐकता यावे, हे मला पटत नाही.

तरी अल्बम ऐकाच. ज्याचा हात जगाने टाळला, त्याचा हात कुणीतरी घट्ट धरते, ही बारीक गोष्ट नव्हे. प्रेमाच्या कविता आपणही लिहू. पण तो दुकानदार कवितेतून वगळायचा नाही.

जय भीम.