दाताच्या पेशीला चेतापेशी कधी म्हणावे?

दुधाचा दात पडला की तो छपरावर टाकायचा, ही आपली जुनी रीत. आता काही पालक शिक्षकांना विचारतात, ‘दात जपून ठेवावा का?’ दातापासून चेतापेशी तयार होतात, असे त्यांच्या वाचनात आलेले असते. पिंपरी-चाकण पट्ट्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. प्रेसमध्ये हात सापडलेला किंवा रस्त्यावर मणक्याला इजा झालेला माणूस ज्या घरात आहे, त्या घराला या एका वाक्याचा मोठा आधार वाटतो. म्हणून ते वाक्य तपासले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

मूळ शोध भक्कम आहे. दाताच्या आतल्या मऊ गरात मूलपेशी असतात, हे ग्रोन्थॉस व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले. दुधाच्या दातातील मूलपेशींचे वर्णन २००३ साली आले. चेतासंस्थेशी त्यांचे नातेही आहे. भ्रूणात मेंदू घडत असताना त्याच्या कडेवरून निघालेल्या पेशी जबड्यात येतात. दाताचा गर मुख्यतः त्यांच्यापासूनच बनतो.

आमचा आक्षेप पुढच्या उडीला आहे. २००३ च्या प्रयोगात या पेशी उंदराच्या मेंदूत जगल्या आणि चेतापेशींत आढळणारी काही प्रथिने त्यांच्यात दिसली. पण खाकी कपडे घातलेला प्रत्येक जण पोलीस नसतो. आकारही फसवतो. २००४ साली अस्थिमज्जेच्या पेशींवरील प्रयोगात दिसले, की रसायनांमुळे पेशी आक्रसते आणि मागे उरलेले धागे चेतातंतूंसारखे भासतात. मिठाच्या तीव्र द्रावणानेही तेच घडले!

खरी कसोटी कामाची. पेशीने विद्युत-संदेश निर्माण करावा आणि शेजारच्या पेशीशी जोडणी करून तो पुढे पाठवावा. २००८ साली ॲडलेडच्या गटाला दाताच्या पेशींत सोडियमचे विद्युतप्रवाह मोजता आले. ही एक पायरी झाली, जिना नव्हे.

जपानमधील नागोयाच्या गटाचा २०१२ चा प्रयोग बोलका आहे. मज्जारज्जू तोडलेल्या उंदरांना दाताच्या पेशी दिल्यावर मागच्या पायांची हालचाल सुधारली. मात्र त्या पेशी चेतापेशी झाल्या नव्हत्या. त्यांनी जखमी चेतापेशींना मरण्यापासून वाचवले आणि स्वतः तंतूंवर आवरण चढवणाऱ्या आधारपेशी बनल्या. उपयोग झाला, पण मथळ्यात सांगतात त्या मार्गाने नव्हे.

पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयातही दाताच्या मूलपेशींवर संशोधन चालते. ते व्हायलाच हवे. परंतु संशोधन वेगळे आणि पालकांकडून पैसे घेऊन दात साठवणे वेगळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी व्यावसायिक साठवणीची मुभा फक्त नाळेच्या रक्ताला दिली, दाताला नाही.

तेव्हा अशी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारू द्या. प्रयोग बशीत झाला, उंदरात की माणसात? पेशी नुसती तशी दिसली, की तिने कामही केले? आणि सुधारणा नेमकी कशामुळे झाली?