बिझारिनीचा हात

फेरारी २५० जीटीओ आणि बिझारिनी ५३०० जीटी स्ट्राडा या मोटारी आधी बाजूने पाहाव्यात. दोन्हींचे बॉनेट लांबलचक, आणि चालकाची जागा थेट मागच्या चाकांपाशी सरकलेली. दोन्हींमागे जोत्तो बिझारिनी हा एकच अभियंता आहे. १९६१च्या अखेरीस तो फेरारीतून बाहेर पडला तेव्हा जीटीओ अपुरी होती. तरुण माउरो फोर्गिएरीने ती तडीस नेली. इंजिन जमेल तितके खाली आणि मागे न्यायचे, हा बिझारिनीचा ध्यास मात्र तिच्या अंगात मुरला होता.

जीटीओचे नाक बघा. आत तीन लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन, वर सहा वेबर कार्ब्युरेटर. एवढा ऐवज इतक्या सखल बॉनेटखाली मावला, कारण इंजिनाच्या पोटातले तेल वेगळ्या टाकीत हलवले आणि इंजिन खाली बसवता आले. हवा घेणारे तोंडही त्यामुळे चिमुकले ठेवता आले. त्याच्या वर तीन अर्धगोल झरोके आहेत, त्यांची झाकणे काढता-घालता येतात: इंजिन तापू लागले तरच उघडायचे, एरवी त्यांना वाऱ्याची वाट अडवू द्यायची नाही. गरज आणि शोभा इतकी एकजीव झालेली क्वचितच दिसते.

शेपटाची वर वळलेली कड भर वेगात मागची चाके जमिनीला धरून ठेवते. सुरुवातीच्या गाड्यांवर ती वेगळी बोल्टने बसवलेली होती, पुढे पत्र्यातच घडवली गेली. मला तो जोड दाखवणारी पहिली कडच जास्त आवडते. युक्ती सुचल्याचा ताजेपणा तिच्यात आहे. स्कालिएत्तीच्या कारागिरांनी ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून घडवला, म्हणून सगळ्या मिळून ३६ गाड्या असूनही एकीचे अंग दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. पुढच्या चाकांमागच्या चिरासुद्धा कुठे दोन, कुठे तीन.

५३००मध्ये तोच ध्यास टोकाला गेला आहे. इंजिन अमेरिकन, शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे, ५.३ लिटरचे. काही रसिक इथेच नाक मुरडतात. पण हे इंजिन आटोपशीर आहे, आणि बिझारिनीने ते पुढच्या चाकांच्या आसाच्या इतके मागे ढकलले की त्याच्या मागच्या टोकाला असलेला डिस्ट्रिब्युटर डॅशबोर्डखाली आला. त्याला हात लावायचा तर डॅशबोर्डवरचे छोटे झाकण उघडावे लागते! वजनाच्या तोलासाठी मेकॅनिकला थेट चालकाच्या दालनात आणणारा हा हट्ट मला फार मोहवतो.

मागचा सांगाडाही पाहण्यासारखा आहे. जीटीओला पानपट्ट्यांच्या स्प्रिंगांवरचा अखंड आस आहे; ५३००ला द दियों रचना, आणि मागचे डिस्क ब्रेक चाकांपासून दूर, गाडीच्या मध्याकडे घेतलेले. त्यामुळे चाकांबरोबर उसळणारे वजन घटते. तांत्रिकदृष्ट्या ही पुढची पायरी आहे, यात शंका नाही.

शर्यतीतले यश जीटीओकडे अधिक: १९६२ साली ल मॉंमध्ये ती एकूण क्रमवारीत दुसरी आली. ५३००ची शर्यतीतली बहीण, इसो ग्रिफो ए३/सी, १९६५ साली तिथेच नववी आणि आपल्या गटात पहिली. तरी एका बाबतीत माझे मत ५३००कडे झुकते. बेर्तोनेत काम करणाऱ्या तरुण जुजारोने तिचे अंग रेखाटले, आणि जेमतेम १.१ मीटर उंचीत छताची रेघ मागच्या रुंद काचेवरून कुठेही न अडखळता शेपटापर्यंत उतरवली. जीटीओचे सौंदर्य चाचण्यांतून, एकेक खोड काढत सापडले. ही रेघ मात्र एका दमात ओढलेली वाटते.