ज्याँ ब्लोमारची अहिंसा : एक धम्मदृष्टी

दुसऱ्या महायुद्धावरील कथावाङ्मयात शांततावादी मनुष्य बहुधा भेकड तरी ठरतो, नाहीतर संत. सिमोन द बोव्हुआर यांची १९४५ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेली आणि इंग्रजीत ‘द ब्लड ऑफ अदर्स’ या नावाने आलेली कादंबरी याला अपवाद आहे. तिचा नायक ज्याँ ब्लोमार याच्या विचारांतील स्थित्यंतर धम्माच्या अभ्यासकांनी तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

ब्लोमार हा सुखवस्तू घर सोडून कामगार झालेला पॅरिसचा तरुण. त्याच्यामुळे चळवळीत आलेला मित्र झाक एका चकमकीत मरतो. दुसऱ्याच्या रक्ताला आपण पुन्हा कारण व्हायचे नाही, असा ब्लोमार निश्चय करतो. कामगार संघटनाही तो मजुरीच्या मागण्यांपुरती ठेवतो. १९३८ मध्ये हिटलर ऑस्ट्रिया गिळतो, तेव्हाही तो स्वस्थच असतो. पुढे फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात जातो आणि हाच ब्लोमार सशस्त्र प्रतिकाराचा सूत्रधार होतो.

ब्लोमार अहिंसेपासून ढळला, असा निष्कर्ष घाईचा होईल. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व मानले आहे, नियम मानलेले नाही; मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला आहे. ब्लोमारने प्रथम पाळला तो नियम होता, आणि तोही आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून. (अत्याचार सोसणाऱ्या वस्तीला दुरून अहिंसेचा उपदेश करणारे आपल्याकडेही कमी नाहीत.) आपण काही केले नाही तरी दुसऱ्याचे रक्त सांडतेच, हे त्याला फार उशिरा उमगते.

मात्र गरज आहे किंवा नाही, हे ठरवायचे कोणी? प्रतिकारकांच्या प्रत्येक कृत्याचा सूड म्हणून जर्मन सैन्य ओलिसांना गोळ्या घालते. त्या ओलिसांची संमती कोणी घेतलेली नसते. ब्लोमार रात्रभर तळमळतो खरा. पण त्याची तळमळ मुख्यतः स्वतःच्या अपराधाविषयीची आहे. ओलिसांना कादंबरीत चेहरा मिळत नाही. शस्त्र न धरणारा ब्लोमार आणि शस्त्र धरणारा ब्लोमार, दोघांच्याही विचाराच्या मध्यभागी ‘मी’च उभा आहे. लेखिकेने हे पुरते ओळखलेले दिसत नाही.

याउलट एलेन ही त्याची प्रेयसी प्रारंभी केवळ स्वतःच्या सुखात गुंतलेली दाखविली आहे. एका यहुदी आईची तिच्या लेकरापासून ताटातूट होताना ती पाहते, आणि ब्लोमारकडे जाऊन काम मागते. तिच्या निर्णयामागे तत्त्वचर्चा नाही. दुःख दिसले आणि ती हलली. धम्म जिला करुणा म्हणतो ती आम्हांस या कादंबरीत येथे आढळते.

त्याच कामगिरीत एलेन प्राणांतिक जखमी होते. सारी कादंबरी तिच्या मृत्युशय्येपाशी एका रात्रीत घडते. पहाटे पुढील स्फोटाबद्दल सहकारी विचारतो आणि ब्लोमार होकार देतो. त्या होकारापायी कोणते ओलीस मारले जातील, हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नसते.