सशाची गुठळी

विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांनी 1933 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून प्रसिद्ध केलेला स्ट्रेप्टोकॉकस जंतूवरचा शोधनिबंध एखाद्या बंदिशीसारखा सावकाश, जागा घेत घेत आस्वादावा असा आहे. त्यामागची हकीकतही तितकीच रसपूर्ण. हे जंतू मानवी प्लाझ्मात सोडले की एकमेकांना बिलगून त्यांचे पुंजके होतात, सीरममध्ये मात्र होत नाहीत, असे टिलेट यांना दिसले होते. प्लाझ्मात असते आणि सीरममध्ये नसते ते फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यातून गुठळीचे तंतू विणले जातात ते प्रथिन. तेव्हा जंतूंनी ते स्वतःभोवती ओढून घेतले असणार, आणि तसे असेल तर या प्लाझ्मात कॅल्शियम घातले तरी गुठळी होऊ नये! किती डौलदार तर्क आहे हा! पण गुठळी झाली, अगदी वेळेवर झाली. प्रयोग फसला असे समजून बाजूला ठेवलेल्या त्या नळ्यांकडे काही वेळाने पुन्हा नजर गेली, तेव्हा घट्ट गुठळीचे पाणी झालेले होते.

आता निबंधाकडे वळू. जंतू गाळून काढलेला निर्जंतुक द्रवही गुठळी विरघळवतो, हे लेखक आधी दाखवतात. म्हणजे हे सामर्थ्य जंतूच्या देहाबाहेर सांडलेल्या कुठल्याशा द्रव्यात आहे. मग येतो ससा, आणि माझ्या मते निबंधातले सर्वांत मोहक स्थळ हेच. माणसाची गुठळी झरझर विरघळवणारे हे द्रव्य सशाच्या गुठळीपुढे निष्प्रभ ठरते. लेखक ही विसंगती झाकत नाहीत, तिच्यावर घाईने उपपत्तीही लादत नाहीत. ते तिला नोंदीचा मान देतात. शेजारीच दुसरी तितकीच सूक्ष्म नोंद: या जंतूच्या तीव्र संसर्गातून बऱ्या झालेल्या माणसांची गुठळी बहुधा दाद देत नाही, आणि त्यांचे सीरम निरोगी प्लाझ्मात मिसळले तर त्या परक्या गुठळीलाही तीच अभेद्यता लाभते.

सशाचे कोडे उलगडायला बारा वर्षे लागली. 1945 साली क्रिस्टेन्सन यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले की जंतूचे द्रव्य स्वतः गुठळी तोडतच नाही. माणसाच्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे सुप्त प्रथिन वाहत असते. त्याला ते जागे करते, आणि जागे झालेले प्लाझ्मिन तंतू कापत जाते. सशाचे प्लाझ्मिनोजेन या हाकेला जवळजवळ ओ देत नाही! हे कळल्यावर आपण 1933 चे ते पान पुन्हा उघडतो आणि पाहतो, तर उत्तर तिथेच, प्रश्नाच्या रूपात, मांडून ठेवलेले असते. गुठळी जमवणारे आणि ती मोडणारे, दोघेही एकाच रक्तात एकत्र नांदतात. जंतूने फक्त दुसऱ्याला वश करून घेतले आहे, म्हणजे भोवती आवळणाऱ्या तंतूंच्या जाळ्यातून त्याला पुढे सरकता यावे.

या द्रव्याला आता आपण स्ट्रेप्टोकायनेज म्हणतो. पेनिसिलिन ज्या जंतूची भित्ती बांधू न देता त्याला मारते, त्याच जंतूचे हे शस्त्र वैद्यांनी हाती घेतले, हा योग मला विलक्षण सुंदर वाटतो. टिलेट आणि सोल शेरी यांनी 1949 साली छातीच्या पोकळीत साचून गोठलेल्या रक्तावर ते वापरले. हृदयाच्या धमनीत अस्थानी जमलेल्या गुठळीपर्यंत ते पुढे पोहोचले. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या जिस्सी चाचणीत 11,806 रुग्ण होते. 21 दिवसांतले मृत्यूचे प्रमाण 13 टक्क्यांवरून 10.7 टक्क्यांवर आले. मात्रा होती तासाभरात 15 लाख एकके. घशाच्या संसर्गामुळे बहुतेकांच्या रक्तात या द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात आणि मात्रेचा काही भाग त्यांच्यावरच खर्ची पडतो. एकदा दिल्यावर ती इतकी वाढतात की काही दिवसांनंतर हेच औषध त्याच रुग्णाला पुन्हा देणे डॉक्टर टाळतात. बऱ्या झालेल्या माणसांच्या गुठळीबद्दलची टिलेट-गार्नर यांची नोंद नेमकी हेच सांगत होती.