आठ बुचांची शर्यत

ब्लँटन्स या अमेरिकन बर्बन व्हिस्कीची बाटली उघडायची तर आधी घोडा मुठीत धरावा लागतो. बाटली गोलसर, जाड काचेची, पैलू पाडलेली. गळा आखूड. बुचावर धातूत ओतलेला घोडा आणि त्याच्या पाठीवर जॉकी. जवळून पाहिलं तर घोड्याच्या पायांशी एका बारीक वर्तुळात रोमन लिपीतलं एक अक्षर दिसतं. दुसरी बाटली आली की बहुधा घोड्याची ढब वेगळी निघते आणि अक्षरही. अशी बुचं आठ आहेत: बी, एल, ए, एन, टी, ओ, पुन्हा एन आणि एस. ती ओळीने लावली की व्हिस्कीचं नाव तयार होतं आणि त्याच ओळीत एक शर्यतही पुरी होते. पहिल्या बुचावरचा घोडा अजून सुटलेला नाही. शेवटच्या बुचावरच्या जॉकीने जिंकून मूठ उंच केली आहे.

अक्षरांची ही मालिका 1999 पासूनची. ब्लँटन्स त्याआधी पंधरा वर्षं बाजारात होती आणि तिच्या बुचावर घोडाही होता, पण तो एकेकटाच. त्याला मागचा-पुढचा नव्हता.

बाटलीबरोबर खेळणं देण्याची चाल जुनी आहे. व्हाइट हॉर्स या स्कॉच व्हिस्कीच्या गळ्यात एके काळी पांढऱ्या प्लास्टिकचा इवलासा घोडा लोंबत असे. स्पेनच्या तोरेस घराण्याच्या सांग्रे दे तोरो या वाइनच्या गळ्यात काळा बैल असतो. व्हिस्कीबरोबर शिपाईही वाटले गेले आणि ते जमवणारे आजही एकेका शिपायासाठी जुने बाजार पालथे घालतात. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारी चिमुकली जनावरं ज्यांनी लहानपणी जमवली, त्यांना ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. फुकट मिळणाऱ्या खेळण्याला दोन कामं एकदम करावी लागतात. हातात आल्याबरोबर त्याने जिवाला समाधान द्यायचं आणि आणखी एक हवं असं वाटायलाही लावायचं. पहिलं काम कारागिराचं आहे. दुसरं बहुतेक ठिकाणी नुसत्या संख्येवर भागवलं जातं.

शिपायांचंच बघा. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने 1893 मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती काढली. शिशाचा रस साच्यात ओतायचा, कडेचा थर थिजला की आतला उरलेला रस ओतून काढायचा. धातू कमी लागला, वजन घटलं, किंमत उतरली आणि 54 मिलिमीटर उंचीचे शिपाई घरोघर पोचले. पायदळाच्या एका खोक्यात साधारणपणे आठ शिपाई असत. बहुतेक एकाच साच्यातले, एकाच पावलावर, एकाच खांद्यावर बंदूक. आठ माणसं आणि क्षण एक. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मांडतो ते मातीचे मावळेही असेच: बुरुजावरचा, दारातला, पायरीवरचा, सगळे एकाच घटकेला जागच्या जागी उभे. शिपाई वाढले की जागा भरते, फौज मोठी होते. वेळ मात्र पुढे सरकत नाही.

ब्लँटन्सच्या बुचांनी हे उलटं केलं. इथेही नग आठच, पण स्वार एकच आणि क्षण आठ. शिपायांच्या खोक्यात एक शिपाई हरवला तर फौज एकाने कमी होते, रांग तशीच राहते. या मालिकेतलं एक बूच नसेल तर काळात खड्डा पडतो. जमवण्याजोग्या छोट्या वस्तूंच्या जगात इतकी साधी आणि इतकी खोल कल्पना मला दुसरी दिसलेली नाही.

पहिलं बूच, बी. घोडा उभा आहे. शर्यतीचं शिल्प करायला घेतलेल्या कारागिराला उभा घोडा करण्याचा मोह सहसा होत नाही, कारण उभा घोडा शर्यतीचा दिसतच नाही. इथे तो धीर दाखवला आहे. हे बूच एकटं कुणाच्या हाती पडलं तर त्याला तो पुतळ्याखालचा साधा घोडा वाटेल. शेजारी एल ठेवा म्हणजे त्या उभं राहण्याला ताण येतो, तो घोडा थांबलेला न वाटता रोखलेला वाटू लागतो. बी मधला अर्थ एल मुळे निर्माण होतो, आणि तो मागाहून पोचतो. मला सगळ्या मालिकेत हे बूच सर्वांत जवळचं आहे.

मधली बुचं भरधावाची. मान पुढे, आयाळ आणि शेपटी मागे, जॉकी पुढे झुकलेला. ही झुकण्याची ढब फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडातले जॉकी लांब रिकिबीत पाय सोडून जवळपास ताठ बसत. अमेरिकेहून आलेल्या टॉड स्लोन या जॉकीने रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेशी ओणवं होण्याची रीत तिथे रूढ केली. आधी हसले, मग सगळ्यांनी उचलली. सायन्स या नियतकालिकात 2009 मध्ये आलेल्या संशोधनात त्यामागचं यंत्रशास्त्र मांडलं आहे: ओणवा जॉकी पायांच्या सांध्यांवर स्वतःला तोलून धरतो, घोड्याचं अंग मागे-पुढे हिंदकळलं तरी त्याचं अंग जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातं, आणि त्याला प्रत्येक ढांगेला पुन्हा पुढे ढकलण्याचा भार घोड्यावरून उतरतो. ही बैठक रूढ झाली त्या काळात शर्यतींच्या वेळा 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्या. बुचावरच्या जॉकीची पाठ पाहताना हे लक्षात असू द्यावं. तो घोड्यावर बसलेलाच नाही, तो घोड्याच्या वर तरंगतो आहे. इतक्याशा धातूत हे अंतर राखणं सोपं नव्हतं.

घोड्याच्या पायांचं मात्र वेगळं आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोने 1821 मध्ये इंग्लंडातल्या एप्समची डर्बी शर्यत रंगवली, त्यात घोडे चारही पाय ताणून जमिनीवरून उडत चालले आहेत. चित्र अप्रतिम, पण घोडा तसा धावत नाही. 1878 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे छायाचित्रकार मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे मांडून सॅली गार्डनर या घोडीची धाव टिपली, तेव्हा दिसलं की चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. ओतकामाला हा क्षण कायमचा बंद आहे. धातूला जमिनीशी कुठेतरी जोडलेलं राहावंच लागतं, त्यात हे बूच म्हणजे रोज मुठीत पिरगळली जाणारी वस्तू. बारीक पाय टिकणार नाहीत. म्हणून इथले पाय थोडे जाड आहेत आणि जमिनीला घट्ट धरून आहेत. कुणी याला खोट म्हणेल. मला ती वापराच्या वस्तूची शिस्त वाटते. काचेच्या कपाटातल्या मूर्तीला जे परवडतं ते बुचाला परवडत नाही.

या आठ बुचांना मायब्रिजच्या मालिकेचं भावंड म्हणण्याचा मोह होतो, पण ते नातं वरवरचं आहे. मायब्रिजने एक ढांग कापली, अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा काळ. त्याची चित्रं भरभर फिरवली की घोडा धावू लागतो. ही बुचं भरभर फिरवून काही धावणार नाहीत, कारण ती अख्खी शर्यत कापतात. ही व्हिस्की ज्या केंटकीत बनते तिथली केंटकी डर्बी ही शर्यत सव्वा मैलाची, म्हणजे सुमारे 2 किलोमीटरची; उत्तम घोडा ती साधारण दोन मिनिटांत संपवतो. आठ बुचांमध्ये सात टप्पे पडतात, म्हणजे एका बुचापासून पुढच्या बुचापर्यंत सुमारे सतरा सेकंद आणि जवळपास 290 मीटर जातात. घोड्याची ढांग सात मीटरच्या आसपास धरली तर तेवढ्यात चाळीसेक ढांगा होतात. त्या सगळ्या आपण मनात टाकायच्या असतात. ए आणि टी एकमेकांजवळ धरा. नुसत्या पायांवरून कुठलं आधी, कुठलं नंतर, हे सांगणं कठीण. पण आपल्याला धाव दिसते, आणि ती दोन्ही घोड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत दिसते. सेक्रेटेरिएट या घोड्याने 1973 ची डर्बी 1 मिनिट 59.4 सेकंदांत जिंकली. तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्या धावेतलं नवल असं की पाचांतला प्रत्येक पुढचा पाव-मैल त्याने आधीच्या पाव-मैलापेक्षा कमी वेळात काटला. म्हणजे तो शेवटपर्यंत वेग वाढवतच होता. ते ठाऊक असलेल्याला टी, ओ आणि दुसऱ्या एनमधली जागा वेगळी दिसते.

एन दोन आहेत, आणि मालिकेतला सर्वांत सुंदर योग तिथेच जुळून आला आहे. अक्षर तेच, घोडा दुसरा. इतर सहा बुचं डोळे मिटल्यासारखी जमवता येतात: अक्षर वाचलं, यादीत खूण केली, झालं. एनपाशी निव्वळ वाचून भागत नाही, घोडा बघावा लागतो. मान किती पुढे, जॉकी किती खाली, पाय कुठे. नाव जुळवायला बसलेला माणूस इथे नकळत शिल्प बघू लागतो.

जॉकीच्या अंगावर रंग नाहीत. खऱ्या शर्यतीत मालकाचे रंग जॉकीच्या सदऱ्यावर असतात, त्यावरूनच लांबून कोण पुढे ते कळतं. इथे घोडा, खोगीर, टोपी, चेहरा, सगळं एकाच धातूचं. चेहरा तर जवळजवळ नाहीच. केंटकीच्या बाबतीत ही अनामिकता मला अर्थपूर्ण वाटते. 1875 च्या पहिल्या डर्बीत पंधरा जॉकींपैकी तेरा कृष्णवर्णीय होते, आणि ॲरिस्टाइड्स या विजेत्या घोड्यावर ऑलिव्हर लुईस होता, तोही कृष्णवर्णीय. आयझॅक मर्फीने ही शर्यत तीनदा जिंकली. जिमी विंकफील्डने 1901 आणि 1902 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. त्यानंतर आजवर एकही कृष्णवर्णीय जॉकी ती जिंकलेला नाही. वंशभेदाने त्यांना धावपट्टीवरून बाहेर ढकललं. बुचावरच्या चेहरा नसलेल्या स्वाराला मी मनात ऑलिव्हर लुईसचा चेहरा देतो. शिल्पाने ती मुभा ठेवली आहे.

आता एस. बहुतेकांचा आवडता, कारण जॉकीचा हात वर आहे आणि विजय लांबून कळतो. माझ्या मते मालिकेतलं हे सर्वांत उणं बूच. बाकी सात आपल्याला शेजाऱ्याकडे बघायला लावतात, एस एकटाच सगळं सांगून टाकतो. ती मूठ उंचावलेली नसती, जॉकी नुसता लगाम सैल सोडून पाठ किंचित उचलताना दिसला असता, तरी शर्यत संपल्याचं कळलं असतं. पण बाजारात विकायच्या वस्तूला शेवट गोड करावा लागतो हेही मान्य, आणि आठवं बूच हाती लागलेल्या माणसाला तेवढा जल्लोष हवाच असतो.

ते आठवं बूच सहजासहजी हाती लागतही नाही. आठही बुचं सारख्या प्रमाणात निघतात असं धरलं, तर गणिताने पूर्ण संचाला सरासरी 22 बाटल्या लागतात, आणि त्यातल्या आठ एकट्या शेवटच्या बुचापायी. म्हणूनच जमवणारे एकमेकांना धरून असतात. जास्तीचा ओ देऊन बी घेतात, रिकाम्या बाटल्यांची बुचं मित्रांकडून मागून ठेवतात. त्यात मला गैर वाटत नाही. संच एकट्याने पिऊन पुरा करण्याची ही गोष्टच नव्हे.

ज्या पेयासाठी हे सगळं, त्याच्याशीही या कल्पनेचं नातं आहे. ब्लँटन्स केंटकीतल्या फ्रँकफर्टची. आल्बर्ट ब्लँटन तिथल्या भट्टीत 1897 मध्ये पोरसवदा वयात नोकरीला लागले, 1921 मध्ये प्रमुख झाले, आणि दारूबंदीच्या काळात औषधी व्हिस्कीच्या परवान्यावर त्यांनी ती भट्टी चालू ठेवली. बंदी उठल्यावर साठवणीला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा घाईने पत्र्याचं एक गोदाम उभं राहिलं, एच नावाचं. विटांच्या गोदामापेक्षा पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्यामुळे लाकडात व्हिस्कीची ये-जा जास्त होते. त्या गोदामातली निवडक पिपं ब्लँटन पाहुण्यांसाठी राखून ठेवत, असं सांगतात. त्याची आठवण ठेवून त्याच भट्टीतल्या एल्मर टी. ली यांनी 1984 मध्ये ही व्हिस्की काढली. अनेक पिपांची सरमिसळ न करता प्रत्येक बाटली एकाच पिपातली. चिठ्ठीवर पीप रिकामं केल्याची तारीख, पिपाचा क्रमांक, गोदाम, मांडणीचा क्रमांक. म्हणजे पिपागणिक फरक हे या व्हिस्कीचं मूळ तत्त्व आहे, आणि बुचाने तेच उचललं आहे.

पूर्ण संच पिपाच्या फळीत बसवण्याची पद्धत आहे. फळी जरा वाकलेली असते, त्यामुळे घोडे हलक्या चढावर गेल्यासारखे दिसतात; ते छानच दिसतं. पण फळीला भोकं बहुधा सारख्या अंतरावर पाडतात, आणि ते मला पटत नाही. सारख्या अंतराने शर्यत घड्याळासारखी होते. बी आणि एल यांच्यात ऐसपैस जागा सोडावी. ए पासून दुसऱ्या एनपर्यंतचे घोडे जवळ जवळ, शेपटीला नाक लागेल इतके. एस पुन्हा थोडा दूर. भोकं पाडायला सुतार लागतो, माप आपण सांगायचं.