युद्धनौकेची प्रतिकृती : दिसणे आणि तरणे

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला गेली बरीच वर्षे येत आहे. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन ही नेहमीची मंडळी असतातच. पण एखाद्या टेबलावर रेडिओवर चालणारी युद्धनौकाही हमखास भेटते. समुद्र घाटाखाली असला तरी या पट्ट्यात तिचे नवल वाटू नये. कुणाचे वडील टूलरूममध्ये, कुणाचे काका पेंट शॉपमध्ये, शेजारी फायबरचे साचे काढणारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील भंगाराची गोदामे पाडली; तोवर गाड्यांमधून निघालेल्या बारा व्होल्टच्या मोटारी तिथे सहज मिळत. अशा ठिकाणी पाच-सहा फूट लांबीची नौका बांधायची हौस मुलांना वाटली तर ती योग्यच म्हणायची.

या लेखात मात्र थोडी तक्रार आहे. ती मुलांपेक्षा आपल्याविषयी, म्हणजे गुण देणाऱ्यांविषयी अधिक आहे, आणि तिच्यात मी स्वतःही आलो.

उदाहरणादाखल तीन नौका घेतो. तिन्ही एकाच वर्षी पाहिल्या आणि तिन्ही आय.एन.एस. विशाखापट्टणम या विनाशिकेच्या प्रतिकृती होत्या. खरी नौका २१ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. तिची लांबी १६३ मीटर, रुंदी सुमारे साडेसतरा मीटर, वजन सुमारे ७,४०० टन आणि वेग तीस नॉटच्या आसपास. मुलांनी प्रमाण १:१०० घेतले होते, त्यामुळे लांबी १६३ सेंटिमीटर आली. इथपर्यंत सगळ्यांचे गणित बरोबर होते.

पहिली नौका देखणी होती. डेक जाड अ‍ॅक्रिलिकचे, कठडे पितळी तारेचे, रंग तर कारखान्यातून आल्यासारखा. डोलकाठीवर रडारच्या चारही बाजू कोरलेल्या. बॅटरी हेलिकॉप्टरच्या डेकखाली ठेवली होती, कारण तिथून ती चार्जिंगला काढणे सोपे. आम्ही तिघा परीक्षकांनी तिला पहिला क्रमांक दिला आणि त्या कागदावर माझीही सही आहे. बक्षीस समारंभानंतर मुलांच्या आग्रहावरून ती एका सोसायटीच्या तरणतलावात सोडली. ती रंगवलेल्या पाणरेषेपर्यंत बरोबर बुडाली, क्षणभर स्थिर राहिली, हळूच डावीकडे कलली आणि उलटली. लाल तळ वर आला. बांधणारा मुलगा नववीत होता. तो काही बोलला नाही, नुसता पाण्यात उतरला.

चूक त्याची म्हणावी, तर त्याला तपासायला काय शिकवले होते? आपल्या पुस्तकांत आर्किमिडीजचे तत्त्व येते, तरंगणाऱ्या वस्तूचे वजन आणि उत्प्लावक बल समान असते हे येते, आणि धडा तिथेच संपतो. ती नौका तरंगत होती, म्हणजे हा नियम तिने पाळलाच होता. पण सरळ उभे राहून तरंगणे हा निराळा प्रश्न आहे. नौका कलली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि उत्प्लावक बल कललेल्या बाजूकडे सरकते. या सरकलेल्या बलाची रेषा नौकेच्या मधल्या उभ्या रेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर नौका परत सरळ होते, वर असेल तर उलटते. हे गणित वर्गात करता येते. १७ सेंटिमीटर रुंदीचा चौकोनी डबा साडेसहा सेंटिमीटर बुडाला, तर उत्प्लावक बलाचा मध्य तळापासून सव्वातीन सेंटिमीटरवर असतो. रुंदीच्या वर्गाला बुडालेल्या खोलीच्या बारा पटीने भागले की आणखी ३.७ सेंटिमीटर मिळतात. म्हणजे मेटासेंटर तळापासून साधारण सात सेंटिमीटरवर. नौकेचा आकार डब्यासारखा नसतो, पण अंदाजाला एवढे पुरे. अडीच किलोची बॅटरी डेकखाली, त्यावर अ‍ॅक्रिलिक, त्यावर पितळ. गुरुत्वमध्य सात सेंटिमीटरच्या खाली राहणार कसा? कोकणातले तांडेल गलबताच्या तळाशी दगड भरतात, त्याला नीरम म्हणतात. तीच बॅटरी तळाशी ठेवली असती तर तिनेच नीरमाचे काम केले असते.

हा खेळण्यातला प्रश्न आहे असे कुणाला वाटू नये. ब्रिटिश आरमाराची ‘कॅप्टन’ ही युद्धनौका ७ सप्टेंबर १८७० च्या रात्री वादळात उलटली. सुमारे पावणेपाचशे माणसे गेली आणि तिचा आराखडा आग्रहाने पुढे रेटणारे कूपर कोल्स हेही त्यांतच गेले. आपल्याकडे मुंबईच्या नौदल गोदीत ५ डिसेंबर २०१६ रोजी आय.एन.एस. बेतवा ही नौका गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली आणि दोन नौसैनिक मृत्युमुखी पडले. २१ जुलै २०२४ रोजी त्याच गोदीत आय.एन.एस. ब्रह्मपुत्राला आग लागली. दुसऱ्या दिवशी ती एका कुशीवर कलंडली आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. अशा प्रत्येक घटनेची कारणे वेगळी असतात. पण वर्तमानपत्रात तो फोटो आल्यावर मुलांनी विचारले, “सर, एवढी मोठी बोट आडवी कशी होते?”, तर उत्तर प्रतिकृतीवर दाखवता येते. तिच्या पोटात अर्धा लिटर पाणी मोकळे ओता आणि जरा कलवा. पाणी खालच्या बाजूला धावते आणि कलणे वाढवते. मग पोटात लांबीच्या दिशेने दोन उभे पडदे बसवून तेवढेच पाणी तीन कप्प्यांत वाटून ओता. फरक मुलांना न सांगता कळतो.

दुसऱ्या नौकेला त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या. ती सनबोर्डची आणि वजनाला जेमतेम दोन किलोची होती, पाण्यावर बदकासारखी बसायची. तळाचा लाल रंग निम्म्याहून अधिक पाण्याबाहेर. विमानाच्या प्रतिकृतीची मोटार लावल्यामुळे ती सुसाट धावली. मी घड्याळ लावले : दहा मीटर, अडीच सेकंद. म्हणजे सेकंदाला चार मीटर. मुलगा म्हणाला, “सर, खऱ्या बोटीपेक्षा कमीच आहे.” खरे होते, आणि साफ चूकही होते.

लांबी शंभरपट लहान केली की क्षेत्रफळ दहा हजारपट आणि घनफळ दहा लाखपट लहान होते. ७,४०० टनांचे दहा लाखावे म्हणजे ७.४ किलो. प्रतिकृतीचे वजन एवढेच हवे, तरच ती खऱ्या पाणरेषेवर बसेल. घरातला वजनकाटा पुरतो. वेगाचा हिशोब याहून गमतीचा आहे. नौकेचा बराचसा जोर पाण्यात लाटा उठवण्यात खर्च होतो, आणि लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणून शंभरपट लहान नौकेचा वेग शंभरपट नव्हे, दहापट कमी करायचा. तीस नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे १५.४ मीटर, प्रतिकृतीसाठी १.५४ मीटर. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग! दहा मीटरला साडेसहा सेकंद. त्या मुलाच्या नौकेचे चार मीटर खऱ्या नौकेला लावले तर ७८ नॉट होतात. कुठलीही विनाशिका इतकी धावत नाही.

हा नियम विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याचा. १८७२ मध्ये टॉर्की येथे त्याने लांब टाकी बांधली, तीत मेणाच्या प्रतिकृती ओढून पाण्याचा विरोध मोजला आणि ‘ग्रेहाउंड’ ही खरी नौका ओढून त्याचा पडताळा घेतला. आपल्याच जिल्ह्यात खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, त्याची स्थापना १९१६ सालची. तिथे धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृतींवर प्रयोग होतात तेही याच नियमाच्या आधारे. शाळेच्या सहलीत सिंहगडासोबत या केंद्राचा उल्लेख झाला तरी पुष्कळ!

वर्गमुळाचा हाच नियम डोलण्यालाही लागू पडतो. खरी नौका एका बाजूला कलून परत यायला दहा-बारा सेकंद घेत असेल, तर प्रतिकृती सेकंदभरात परत येते. जुन्या युद्धपटांतल्या नौका खेळण्यातल्या वाटतात त्या यामुळेच, आणि म्हणून अशी दृश्ये जास्त वेगाने चित्रित करून सावकाश दाखवतात. पाण्याचे थेंब मात्र लहान होत नाहीत, पृष्ठताणही तोच राहतो. छंदिष्ट मंडळी मोठ्या प्रतिकृतींच्या मागे लागतात त्याचे कारण हे. १:५० ची विशाखापट्टणम पाण्यात फार खरी दिसेल, पण ती सव्वातीन मीटर लांब आणि ५९ किलोंची होईल. ती तलावापर्यंत न्यायला टेम्पो लागेल आणि उचलायला चौघे. इंग्लंडमध्ये स्कारबरोच्या पीझम पार्कच्या तलावात १९२७ पासून लुटुपुटीचे नाविक युद्ध होते. तिथल्या नौका इतक्या मोठ्या आहेत की बहुतेकींच्या पोटात माणूस बसून त्या चालवतो. रेडिओ नियंत्रणाचा प्रश्नच मिटला.

रेडिओचे निघालेच आहे तर सांगतो, रेडिओ-नियंत्रणाचा पहिला मोठा जाहीर प्रयोग नौकेवरच झाला होता. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला हौदातली छोटी बोट दुरून चालवून दाखवली. आज बाजारात मिळणारे संच २.४ गिगाहर्ट्झचे असतात. त्या लहरी पाण्यात फार पुढे जात नाहीत, म्हणून ग्राहकाची तार पाणरेषेच्या वर हवी, एवढे पाहिले की झाले. यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण संच तयार मिळत असल्याने शिकले काहीच जात नाही. वायपरच्या मोटारीविषयी एक सूचना. ती भंगारात स्वस्त मिळते म्हणून मुले ती घेतात. पण आतल्या दातेरी चक्रांमुळे तिचा दांडा मिनिटाला पन्नास-साठच फेरे घेतो. पंखा फिरताना दिसतो आणि नौका जागची हलत नाही. गाडीच्या ब्लोअरची मोटार घ्यावी.

तिसरी नौका चाकणकडच्या एका आयटीआयच्या विद्यार्थ्याची, धाकट्या भावाच्या नावाने मांडलेली. फायबरचा सांगाडा, त्यावर नुसता करडा प्रायमर, तोही खरखरीत. तोफा नाहीत, कठडे नाहीत. पुलाच्या जागी जेवणाचा स्टीलचा डबा. आम्ही तिला ‘अपूर्ण’ असा शेरा देऊन उत्तेजनार्थही काढले नाही. शेजारी ठेवलेली वही मी निघताना चाळली आणि ओशाळलो. वजन ७.४ किलो, त्यात टायरच्या दुकानातून आणलेली, चाकांच्या बॅलन्सिंगची शिशाची वजने तळाशी चिकटवलेली. प्रत्येक बदलानंतर नौका बोटाने कलवून दहा डोलांचा वेळ नोंदवलेला. दहा मीटरची धाव सतरा वेळा.

पुढच्या रविवारी त्यांच्या शेततळ्यावर गेलो. पवनेत आणि इंद्रायणीत जलपर्णी पंख्यात अडकते, म्हणून शेततळे. (तिथे मुलांना एकटे सोडू नये. प्लॅस्टिकच्या अस्तरावरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. गाठी मारलेला दोर, हवा भरलेली ट्यूब आणि पोहता येणारा माणूस काठावर हवाच.) नौका संथ निघाली. नाळेपाशी पाण्याचा उंचवटा, मग खळगा, मग मागे दुसरा उंचवटा. तीस नॉट वेगाच्या लाटेची लांबी काढली तर सुमारे १५२ मीटर येते, म्हणजे खरी नौका जवळजवळ स्वतःच्याच लांबीची लाट घेऊन धावते. प्रतिकृतीला ती १५२ सेंटिमीटर हवी. फोटोत ती मोजता येते आणि त्या मुलाने मोजली होती.

युद्धनौकाच कशाला, मासेमारीची होडी का नको, असे एका शिक्षिकेने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की अरुंद, वेगवान आणि डोक्यावर रडारचे ओझे घेतलेली नौका उभी ठेवणे हा जास्त कठीण प्रश्न आहे. होडी निवडली तरी वजनकाटा आणि घड्याळ तेच. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती बांधणे शिकवतात, आणि तिथे ठेवायच्या प्रतिकृती वेगळ्या, चालवायच्या वेगळ्या धरतात. आपल्या गुणपत्रिकेत मात्र मांडणी, रंगकाम, सादरीकरण, कल्पकता असे रकाने होते. पाण्याचा रकाना नव्हता. मी आयोजकांना सुचवले की एक प्लॅस्टिकचा हौद, एक वजनकाटा आणि एक स्टॉपवॉच ठेवावे. सभागृहाची फरशी ओली होईल, असे उत्तर आले. पुढच्या वर्षी मी हौद व्हरांड्यात मांडायला लावला. फरशी झाली ओली.

त्या वहीतली शेवटची नोंद मी उतरवून घेतली होती : “वेळ ७ सेकंद. मागचा उंचवटा वीतभर पुढे पडतो. मोटार बदलणे.”