टोपी झाकून पाहिले तर

मराठीत छायाचित्रणावर मोजकेच लिहिले जाते, आणि मुस्लिम मराठी लेखनात तर हा विषय जवळजवळ नाहीच. कविता, कथा, आत्मकथन या वाटांनी आपल्या लेखकांनी आपले जगणे मांडले आणि ते मोलाचे काम झाले. पण पुस्तक जितक्यांच्या हाती जाते त्याच्या कितीतरी पट लोकांच्या डोळ्यांपुढे छायाचित्र येते. आपल्या समाजाविषयीचे मत आज बहुतेकांनी वाचून नव्हे, पाहून बनवलेले असते. म्हणून रस्त्यावरच्या, बाजारातल्या, रेल्वेच्या डब्यातल्या साध्या माणसांना टिपणारी जी छायाचित्रणाची शाखा आहे, जिला स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात, तिच्याकडे आपण केवळ कौतुकाने न पाहता समीक्षेच्या नजरेने पाहिले पाहिजे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात राहून ही चित्रे पाहिली, तर मुंबईच्या कलादालनात सहसा न विचारले जाणारे काही प्रश्न पुढे येतात.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागते. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात तिथल्या भुयारी रेल्वेत प्रवाशांची छायाचित्रे घेतली. कॅमेरा कोटाखाली लपवलेला, भिंग दोन बटणांच्या मधून बाहेर डोकावणारे आणि कळ दाबण्याची तार बाहीतून हातापर्यंत आणलेली. या चित्रांचे ‘मेनी आर कॉल्ड’ हे पुस्तक निघाले ते १९६६ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. त्यात ८९ चित्रे आहेत. त्यांत कसलाही प्रसंग नाही. कोणी पेपर वाचतो आहे, कोणी डोळे मिटून बसले आहे, कोणी नुसतेच समोर पाहते आहे. तरी ही चित्रे पाहताना मन थांबते, कारण कॅमेऱ्यासाठी चेहऱ्यावर चढवला जाणारा भाव इथे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. समोरच्या बाकावर कोण येऊन बसेल हे इव्हान्सच्या हातात नव्हते. जो येईल तो चित्रात येणार. गोरा, काळा, साहेब, मजूर, जोगीण, सगळ्यांना तोच उजेड आणि तेवढीच चौकट. लोकशाही हा शब्द कलेच्या संदर्भात फार सैलपणे वापरला जातो, पण इथे तो नेमका लागू पडतो.

मात्र या पद्धतीत एक खोट आहे. ज्यांची चित्रे घेतली त्यांना विचारलेले नव्हते. चाळीस वर्षांनी त्याच रेल्वेत ब्रूस डेव्हिडसनने रंगीत छायाचित्रे घेतली, त्यांचे पुस्तक १९८६ साली आले. तो आपल्या चित्रांचा एक लहानसा अल्बम बरोबर बाळगत असे आणि प्रवाशांना तो दाखवून परवानगी मागत असे. एक चोरून पाहणारा, दुसरा विचारून पाहणारा. यातले कोणते बरे, हा प्रश्न आपल्या समाजात, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, फारच जवळचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

आपल्याकडे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची जागा मुंबईच्या लोकलने घेतली. जगभर गाजलेले लोकलचे एक छायाचित्र म्हणजे ब्राझीलच्या सेबास्तियाव साल्गादोने १९९५ साली चर्चगेट स्थानकावर घेतलेले. दोन्ही बाजूंना गाड्या स्थिर उभ्या आहेत आणि मधल्या फलाटावरून माणसांचा लोंढा धुरासारखा, पाण्यासारखा वाहतो आहे. भिंग जास्त वेळ उघडे ठेवल्यामुळे चालणाऱ्या माणसांचे आकार विरघळले आहेत. स्थलांतर या विषयावरच्या त्याच्या मोठ्या कामातले हे चित्र आहे. ते भव्य आहे यात शंका नाही. पण ज्या जिल्ह्यांतून माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला जातात, तिथल्या वाचकाला ते पाहताना एक रुखरुख लागते. त्या वाहत्या धुरात आपलीच माणसे आहेत आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा दिसत नाही. साल्गादोला लोंढा दाखवायचा होता आणि तो त्याने दाखवला. पण लोंढा पाहून करुणा येते, ओळख होत नाही.

ओळख होते ती अनुश्री फडणवीस यांच्या चित्रांत. २०१३च्या सुमारास त्यांनी लोकलच्या बायकांच्या डब्यात मोबाईल फोनवर छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली आणि ‘ट्रेन डायरीज’ या नावाने ती इन्स्टाग्रामवर मांडली. पुढे त्या रॉयटर्स वृत्तसंस्थेत गेल्या, पण माझ्या मते त्यांचे हे सुरुवातीचे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. मुंबईच्या बायकांच्या डब्याला स्वतःचा इतिहास आहे. पश्चिम रेल्वेवर केवळ स्त्रियांसाठीची पहिली गाडी ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली. घर आणि कचेरी यांच्या मधला हा तास-दीड तास कित्येक बायकांच्या दिवसात एकमेव स्वतःचा असतो. फडणवीस यांच्या चित्रांत दमून झोपलेल्या बायका आहेत, फेरीवाल्या आहेत, लेकरे आहेत, तृतीयपंथी आहेत. चित्राखाली चार ओळी लिहिलेल्या असतात आणि पुष्कळदा त्यांत त्या बाईशी झालेले बोलणे असते. छायाचित्रकार त्याच डब्यातली, तेच तिकीट काढलेली. इव्हान्सला कोटाखाली कॅमेरा लपवावा लागला. इथे लपवण्याचे कारण कमी होते, कारण फोन तर सगळ्यांच्याच हातात होता.

या डब्यात बुरख्यातली बाईही येते. ती कशी येते हे पाहण्यासारखे आहे. ती दांडी धरून उभी असते, खिडकीशी टेकलेली असते, मांडीवरच्या मुलाला सांभाळत असते. शेजारी साडीतली बाई, तिच्या पलीकडे जीन्समधली मुलगी, आणि तिघींच्या चेहऱ्यावरचा थकवा एकाच जातीचा. बुरखा चित्रात आहे, पण चित्र बुरख्याचे नाही.

हा फरक नीट समजून घेण्यासाठी मी वाचकांना एक साधी कसोटी सुचवतो. वर्तमानपत्रात, दिनदर्शिकेवर किंवा फोनवर मुसलमानाचे छायाचित्र आले की त्यातली टोपी, दाढी, बुरखा किंवा मागचा मिनार अंगठ्याने झाकून पाहावा. मग चित्रात काय उरते? रमजानच्या दिवसांत छापली जाणारी कितीतरी चित्रे या कसोटीला टिकत नाहीत. रांगेतल्या टोप्या, दुआसाठी उचललेले हात, सरबताचा लाल पेला. टोप्या झाकल्या की खाली कोणी माणूसच सापडत नाही. असे चित्र घेणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही, बहुधा तो चांगलाच असतो. पण तो माणसाला टिपत नाही, खूण टिपतो. इव्हान्सच्या चित्रातली हॅट झाकून पाहा, खाली एक अख्खा माणूस उरतो. फडणवीस यांच्या चित्रांतही उरतो.

काही जण म्हणतील, चित्रातल्या टोपीची एवढी चर्चा कशाला? त्याचे उत्तर गाडीच्या डब्यातच आहे. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घालून ठार केले. ते तिघे त्या पहाटे फक्त प्रवासी होते. माणसाला खुणेवरून निवडणारी नजर एका दिवसात तयार होत नाही. ती हजारो चित्रांतून, सिनेमांतून, बातम्यांतून घडते. छायाचित्रकार त्या गुन्ह्याला जबाबदार नाही, पण आपले चित्र कोणत्या नजरेला खतपाणी घालते याचा विचार त्याने करायला हवा.

२००२च्या गुजरात दंगलीत अर्को दत्ता यांनी टिपलेला अहमदाबादचा तो शिंपी सर्वांना आठवत असेल. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. ते चित्र खरे होते, आवश्यक होते, आणि ते घेतले नसते तर कितीतरी गोष्टी नाकारल्या गेल्या असत्या. पण पुढे ते चित्र फलकांवर, पत्रकांवर, निवडणुकांत वापरले गेले आणि त्या माणसाला आपल्याच चेहऱ्यापासून पळावे लागले. तो शिवणयंत्रावर बसतो कसा, मुलांशी बोलतो कसा, हसतो कसा, हे देशाने पाहिले नव्हते. ज्या समाजाची रोजची चित्रे नसतात, त्याचे संकटाचे एक चित्र त्याचा कायमचा चेहरा होऊन बसते. माझ्या मते या सगळ्या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाला फार मोठा छायाचित्रकार लाभला होता. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ असा किताब दिला. तसवीर काढणाऱ्याला लढवय्याचा किताब देणारे ते दरबार होते! पण त्यांची ख्याती आहे ती महाल, शिकारी, पाहुणे, उमराव यांच्या चित्रांसाठी. मराठवाड्याच्या पेठेत बांगड्या भरणारा मणेर, पानाच्या टपरीवरचा तांबोळी, फळांच्या गाड्यावरचा बागवान, धनुकलीच्या तारेवर कापूस उडवणारा पिंजारी, हे त्या दरबाराच्या चौकटीबाहेरच राहिले.

रेल्वेचीही गोष्ट अशीच. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. येडशी, ढोकीवरून ती जात असे. जिल्ह्याच्या मुख्य शहराला रेल्वे मिळाली ती ब्रॉडगेज झाल्यावर, २००७-०८ मध्ये. या छोट्या गाडीच्या इंजिनांची, पुलांची चित्रे रेल्वेच्या शौकिनांनी जपली आहेत. पण डब्यात टोपल्या घेऊन बसणाऱ्या माणसांची चित्रे शोधायला जा, हाती फारसे काही लागत नाही. जवळजवळ शंभर वर्षे एक जिल्हा त्या गाडीने हिंडला आणि त्या प्रवासातले चेहरे पुसले गेले.

आज जिल्ह्याची छायाचित्रे निघतात, पण ठरावीक. दुष्काळ पडला की टँकरभोवतीच्या घागरी, तुळजापूरची नवरात्रयात्रा, नळदुर्गचा पाण्याखालचा महाल, ख्वाजा शमसोद्दीन गाझींच्या दर्ग्याचा उरूस. भेगाळलेली जमीन आणि यात्रेची गर्दी यांच्या मधले तीनशे दिवस कोणी टिपत नाही. रात्रीच्या मुंबई गाडीची वाट पाहत पिशव्यांवर बसलेले कुटुंब, बसस्थानकावर गुडघ्यावर वही ठेवून अभ्यास करणारी कॉलेजची मुलगी, कल्हईवाल्याची विझत चाललेली भट्टी, शुक्रवारी नमाज आटोपून दुकानाचे शटर वर करणारा म्हातारा. यांत मुसलमान आहेत, मराठा आहेत, दलित आहेत, धनगर आहेत. स्थानकाच्या बाकावर ते जसे शेजारी बसतात, तसे चित्रातही शेजारी यायला हवेत. केवळ आपलीच चित्रे घ्या असे मी म्हणत नाही. तसे केले तर पुन्हा खुणांचाच संग्रह तयार होईल.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला धर्माचा. तसविरीबद्दल आपल्यात पूर्वीपासून मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. पण पासपोर्टच्या फोटोशिवाय हज घडत नाही आणि ओळखपत्राच्या फोटोशिवाय मत देता येत नाही, हे सर्वांनी स्वीकारले आहे. मग सरकारी कागदावरचा घाबरलेला चेहरा चालतो आणि कामात रमलेला चालत नाही, हे कसे?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आपल्या आयाबहिणींचे चित्र कोणी परका काढील आणि ते कुठे जाईल, ही भीती पोकळ नाही. फोन हातात आल्यापासून ती वाढलीच आहे. याबाबत मी डेव्हिडसनच्या बाजूचा आहे, इव्हान्सच्या नव्हे. विचारावे, चित्र दाखवावे, नको म्हटले तर पुसावे. झोपलेल्या बाईचे चित्र कितीही सुंदर आले तरी तिचे हो-नाही विचारलेले नसते. फडणवीस यांच्यासारख्यांच्या कामालाही हा प्रश्न लागू आहे, आणि तो विचारल्याने त्या कामाचे मोल कमी होत नाही. मात्र इज्जतीच्या नावाखाली बाईच्या वतीने पुरुषांनीच ‘नाही’ म्हणून टाकावे, हेही मान्य करता येत नाही. हो किंवा नाही, तिचे तिने सांगावे. आणि कॅमेरा तिच्याच हातात आला तर हा प्रश्न निम्मा सुटतो. बायकांच्या डब्याने ते दाखवून दिले आहे.

मग अशी चित्रे लावायची कुठे? पी. साईनाथ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांवरची आपली छायाचित्रे कलादालनांतच अडकवून ठेवली नाहीत, ती बसस्थानकांवर, कारखान्यांत, शेताच्या बांधावरही नेली. ज्यांची चित्रे, त्यांनीच ती पाहावीत हा त्यामागचा विचार. आपल्या तरुणांनी तेवढेच मनावर घ्यावे. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात दोघा-तिघा मुलामुलींनी वर्षभर आपला बाजार, आपले स्थानक, आपली गल्ली टिपली, चित्राच्या मागे तारीख, जागा आणि माणसाच्या संमतीने त्याचे नाव लिहिले, आणि वर्षाअखेरी ती चित्रे बसस्थानकाच्या भिंतीवर लावली, तर त्याला फार पैसा लागत नाही. फोनच्या पडद्यावरून चित्र दोन क्षणांत सरकून जाते. भिंतीवर ते थांबते, आणि गाडीला उशीर असला की लोकही थांबतात.

त्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या अनोळखी प्रवाशाने एखाद्या चित्राकडे बोट दाखवून ‘हे मुसलमान’ असे न म्हणता ‘हे तर आपल्या चौकातले घड्याळवाले’ असे म्हटले, तर ते चित्र साधले असे समजावे.